‘मंजूर, मंजूर’ म्हणाले सगळे, पण मंजूर झालं काय?

प्रश्न : ताई, ठाण्याच्या पुढे आमची ४८ फ्लॅटची सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. एप्रिलपासून मी सचिव आहे, कारण दुसरं कुणी तयारच होईना. आमची गच्ची तीन पावसाळे गळतेय. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या एक आजी पलंगाच्या पायथ्याशी बादली ठेवून झोपतात. मागच्या वर्षी वार्षिक सभेत चार तास भांडण झालं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, ‘काम करायचं, सगळ्यांना मान्य आहे ना?’ सगळे ‘मंजूर, मंजूर’ म्हणाले आणि वडे खायला उठले. नंतर कळलं की निम्म्या लोकांना वाटत होतं पत्र्याची शेड मंजूर झाली, निम्म्यांना वाटत होतं वॉटरप्रूफिंग. इतिवृत्तात फक्त ‘गच्चीच्या कामास सर्वानुमते मंजुरी’ एवढंच आहे. वर्षभर काही हललं नाही. एक काका दर सभेत माइक सोडत नाहीत. अध्यक्ष माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांना काही सुचवायचा संकोच वाटतो. यंदाची सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यायची आहे. ती कशी घेऊ म्हणजे निर्णय होईल? की राजीनामा देऊन मोकळी होऊ?
– एक सचिव

उत्तर : राजीनामा देऊ नका. निदान ही सभा होईपर्यंत तरी नाहीच. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मला असं दिसतं की तुमच्या सोसायटीतले लोक वाईट नाहीत, भांडकुदळही नाहीत. त्यांना नीट प्रश्नच कुणी विचारला नाही. ‘काम करायचं ना?’ याला नाही कोण म्हणेल? गळकी गच्ची कुणाला हवी असते? काय करायचं, किती पैशांत, ते पैसे कुठून आणायचे, कुणी करून घ्यायचं, कधीपर्यंत, यातलं एकही त्या वाक्यात नव्हतं. ज्याने त्याने आपल्या मनातलं उत्तर त्यात भरलं आणि ‘मंजूर’ म्हणून टाकलं.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. नोकरीत असताना मी कर्मचाऱ्यांच्या एका पतसंस्थेची बरीच वर्षं सचिव होते. एका वर्षी सभेत संगणक घ्यायचा ठराव झाला. मी इतिवृत्त लिहिलं दोन महिन्यांनी, आठवून आठवून. लिहिलं, ‘संगणक खरेदीस मंजुरी देण्यात आली.’ किती संगणक, किती रकमेपर्यंत, काही नाही. खरेदी झाल्यावर सभासदांनी विचारलं की एवढ्या रकमेला मंजुरी कुणी दिली होती? ज्यांनी खरेदी केली ते अगदी सरळ गृहस्थ होते, पण त्यांच्याजवळ दाखवायला माझी ती एक ओळ होती. चौकशी झाली, त्यातून ते सुटले, पण पुन्हा कधी समितीवर आले नाहीत. ती ओळ माझी होती. तेव्हापासून मी एक गोष्ट कधी सोडली नाही, आणि तुम्हाला मुख्य सांगायची आहे ती हीच : सभेच्या आधी ठराव लिहून काढा. सगळेच्या सगळे शब्द.

ठराव सभेत सुचेल, चर्चेतून आपोआप निघेल, अशा भरवशावर राहू नका. चार तासांच्या भांडणानंतर, वड्यांचा वास येत असताना कुणालाही नीट वाक्य सुचत नाही. मसुदा साधारण असा हवा :

‘इमारतीच्या गच्चीचा जुना कोबा काढून नव्याने ब्रिकबॅट कोबा पद्धतीने वॉटरप्रूफिंग करण्यात यावे. त्यासाठी सर्व करांसह जास्तीत जास्त रु. ______ खर्चास ही सभा मंजुरी देत आहे. पैकी रु. ______ दुरुस्ती निधीतून घ्यावेत व उरलेली रक्कम सभासदांकडून तीन हप्त्यांत जमा करावी. समितीने किमान तीन दरपत्रके मागवून ती सूचना फलकावर लावावीत. काम पुढील मे महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पूर्ण करून घ्यावे.’

ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा पाणी अडवणारा थर. आकडे तुमच्या दरपत्रकांवरून भरा. वर्गणी कोणत्या हिशेबाने लावायची, समान की क्षेत्रफळावर, हे उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, उघडून आधीच पाहून ठेवा. ते ऐन सभेत शोधायला लागलात तर तिथेच तासभर जाईल. ‘आम्ही तळमजल्यावर राहतो, आम्ही का द्यायचे?’ हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे शासनाने सोसायट्यांसाठी घालून दिलेल्या नमुना नियमावलीप्रमाणे, गच्चीची आणि छताची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, वरच्या मजल्याच्या एकट्याच्या नाही. तो नियम छापील स्वरूपात तुमच्या हातात असू द्या. आणि शेडच्या बाजूने कुणी बोललं तर त्यांच्या लक्षात आणून द्या की गच्चीवर शेड घालायला महापालिकेची परवानगी लागते. ती आणायची जबाबदारी कोण घेणार, हेही मग ठरावात लिहावं लागेल.

आता एक बारकावा. वर दिलेला मसुदा एक दिसत असला तरी त्यात तीन प्रश्न आहेत : काम यंदाच करायचं का, कोणत्या पद्धतीने करायचं आणि पैसे कसे उभे करायचे. मागच्या वर्षी हे तिन्ही एकमेकांत गुंतले म्हणून चार तास गेले. एक माणूस पद्धतीवर बोलतो, दुसरा त्याला पैशांवर उत्तर देतो, तिसरा म्हणतो आधी बिल्डरवर केस करा. मतं तीन वेळा घ्या, याच क्रमाने. पहिल्यावर हात वर झाले की तो विषय संपला. मग शेड की वॉटरप्रूफिंग, तेव्हा फक्त त्याबद्दलच बोलायचं. तिथे निकाल लागला की पैशांचं. ज्याला वॉटरप्रूफिंग नको होतं त्यालाही तिसऱ्या प्रश्नावर मत देता येतं, आपण पूर्ण हरलो असं वाटत नाही. आणि हो, पद्धतीचा निकाल शेडच्या बाजूने लागला तर त्याचाही मसुदा तयार असायला हवा. दोन्ही लिहून ठेवा. तुमचं स्वतःचं मत कोणतंही असो, सचिवाच्या फाइलमध्ये दोन्ही कागद असतात.

तुमच्या सभेत चार तास का गेले, याचं अजून एक कारण मला दिसतं. माहिती घेणं आणि निर्णय घेणं ही दोन्ही कामं एकाच खुर्चीत बसून उरकायला गेलात. इथे मला गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) आठवतं. धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. त्यांच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. शहरातले लोक हे ऐकून म्हणतात, असं कसं शक्य आहे? ते शक्य होतं, कारण त्यांनी अभ्यास गट वेगळा ठेवला आहे. अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलावायचं, मनसोक्त वाद घालायचा, पण निर्णय करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत. सगळ्यांना पटेपर्यंत विषय पुन्हा पुन्हा येऊ शकतो. त्यांना घाई नसते.

तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, पण अर्धी पद्धत घेता येईल. सभेच्या तीन आठवडे आधी एका रविवारी सकाळी सगळ्यांना गच्चीवरच बोलवा. दरपत्रक देणाऱ्यांपैकी एखाद्याला किंवा ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरला बरोबर घ्या. कोबा कुठे फुगलाय, पाणी कुठे साचतं, पाइपाच्या तोंडाशी भेग कशी गेली आहे, हे बोटाने दाखवू द्या. मग खाली उतरून त्या आजींच्या घरात, त्यांची हरकत नसेल तर, छताचे पोपडे पाहा. तिथे कुणी ‘मग ठरवून टाकू या’ म्हणालं तरी ठरवू नका. चहा द्या आणि घरी पाठवा. तळमजल्यावरच्या ज्या माणसाने चार वर्षांत गच्ची पाहिलेली नाही, तो तिथून वेगळाच उतरतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता नोटीस. कायद्याप्रमाणे, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७५ प्रमाणे, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा व्हायला हवी. म्हणून तुमची ३० सप्टेंबर. आदर्श उपविधींप्रमाणे या सभेची नोटीस पूर्ण १४ दिवसांची लागते. ‘पूर्ण’ शब्दावर लोक घसरतात. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत. सभा ६ सप्टेंबरला असेल तर नोटीस २२ ऑगस्टपर्यंत घरोघरी पोचलेली हवी. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. सप्टेंबरात गणपती असतात, मग पितृपक्ष, आणि पितृपक्षात नवीन काम ठरवायचं नाही म्हणणारे तुमच्या बिल्डिंगमध्येही असतीलच.

नोटिशीबरोबर गच्चीच्या विषयाचं एक पानाचं टिपण जोडा. एकच पान. त्यात अडचण काय, दोन पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च किती, किती वर्षांची हमी, एका फ्लॅटला साधारण किती पडतील, आणि खाली ठरावाचा मसुदा. विषयपत्रिकेत हा विषय मागील इतिवृत्त कायम केल्यानंतर लगेच घ्या, हिशेब आणि लेखापरीक्षण अहवालाच्या नंतर नको. नाहीतर लोक व्हिजिटर पार्किंगच्या बिलावर भांडून दमतात आणि गच्चीची पाळी येईपर्यंत अर्धे घरी जातात. अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत तर हा विषय चुकूनही टाकू नका. ज्या विषयाला रीतसर नोटीस लागते तो तिथे चालतच नाही, आणि पैशांचे निर्णय तिथे सरकवले गेले की लोकांचा जो विश्वास जातो तो परत यायला वर्षं लागतात.

मागच्या वर्षीच्या त्या ‘सर्वानुमते मंजुरी’चं काय करायचं? इतिवृत्त दुरुस्त करायला जाऊ नका. जे लिहिलं गेलं ते तसंच वाचून दाखवा. सर्वसाधारण सभेचा ठराव रद्द करणारा ठराव सहा महिन्यांच्या आत आणता येत नाही, पण तुमचं वर्ष उलटून गेलंय. तेव्हा नव्या ठरावाच्या सुरुवातीलाच लिहा, ‘मागील ठरावात कामाचा तपशील व खर्चमर्यादा नसल्यामुळे तो ठराव रद्द करून…’. कुणावर ठपका नको, मागच्या सचिवांवर तर मुळीच नको.

सभेच्या दिवशी दारात हजेरीचं रजिस्टर आणि त्याशेजारी सभासदांची यादी ठेवा. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव कुणाचं आहे ते त्या यादीत हवं. कितीतरी घरांत फ्लॅट बायकोच्या नावावर असतो, आणि सभेला येतो नवरा. वर्षानुवर्षं तोच बोलतो, तोच हात वर करतो. सर्वसाधारण सभेत मुखत्यारपत्रावर किंवा प्रॉक्सीने मत देता येत नाही. म्हणून नोटीस देतानाच त्या बाईंना सांगा, ‘वहिनी, मत तुमचं आहे, तुम्ही या.’ गच्ची गळल्यावर फरशी पुसणाऱ्या बहुतेक त्याच असतात.

कोरम, म्हणजे सभा सुरू करायला लागणारी किमान हजेरी, तुमच्यासाठी २० सभासदांचा. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यात जे कमी ते, असा आदर्श उपविधींचा नियम आहे. ४८ चे दोन तृतीयांश ३२ होतात, म्हणून २०. अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब करून पुन्हा भरवता येते, आणि तहकूब सभेला कोरमचं बंधन नसतं. बऱ्याच सोसायट्या याच सवलतीवर चालतात. नोटिशीतच लिहितात की कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल, आणि मग अकरा लोक ४८ घरांचा निर्णय करून उठतात. नियमात बसतं म्हणून हिशेब मंजूर करायला ते चालेल. पण प्रत्येक घरातून पैसे मागायचा ठराव अकरा माणसांत करू नका. गच्चीचा विषय पुढच्या तारखेला ठेवा. आदल्या दिवशी संध्याकाळी समितीतल्या दोघा-तिघांनी प्रत्येक दार वाजवून यावं. आमच्याकडे तरी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आठवणीपेक्षा दारावरच्या थापेने जास्त माणसं आली आहेत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलेला कौल म्हणजे ठराव नव्हे, हेही एकदा सगळ्यांना स्पष्ट सांगून टाका.

अध्यक्षांबद्दल तुम्ही संकोचाने लिहिलंय. त्यांच्या घरी जा. सभेच्या चार दिवस आधी, संध्याकाळी, फाइल घेऊन. ‘काका, तुम्ही सभा चालवणार, मी तुमच्यासाठी क्रम काढून आणलाय,’ असं म्हणा. मला वाटतं त्यांनाही बरं वाटेल. मागच्या वर्षी ते ‘मान्य आहे ना?’ म्हणाले ते दमून म्हणाले असणार. चार तास आरडाओरडा ऐकल्यावर कुणीही विषय मिटवायलाच बघतं. त्यांच्या हातात एक कागद द्या, त्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच : ठराव वाचा. सूचक कोण, अनुमोदक कोण. कुणाला उपसूचना द्यायची आहे? ठराव पुन्हा वाचा. बाजूने हात वर. विरोधात हात वर. तटस्थ. आकडा जाहीर करा. या कागदाबाहेर त्यांना फार बोलायची गरजच पडू नये. दोन्ही बाजूंना समान मतं पडली तर त्यांचं निर्णायक मत असतं, हेही तेव्हाच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी गोंधळ होणार नाही.

आणि त्यांना एक विनंती करा : सुरुवातीलाच जाहीर करा की प्रत्येकाने अध्यक्षांकडे बघून बोलायचं, एकमेकांशी नाही. विधानसभेत आमदार समोरच्यावर तुटून पडतानाही वाक्याची सुरुवात ‘अध्यक्ष महोदय’ अशी करतात ना, ते उगाच नाही. ‘अहो, तुम्ही स्वतः दोन वर्षं मेंटेनन्स भरला नाही’ हे समोरच्याच्या तोंडावर बोलणं आणि ‘अध्यक्ष महोदय, थकबाकी किती आहे ते सभेला सांगावं’ हे विचारणं, यांतला राग सारखाच असतो. पण दुसऱ्या वाक्याला उत्तर देता येतं.

माइक न सोडणाऱ्या काकांसाठी वेगळा नियम करू नका. सगळ्यांना एकच नियम : एका विषयावर तीन मिनिटं, आणि सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणाला दुसरी पाळी नाही. घड्याळ समितीबाहेरच्या एखाद्या कॉलेजच्या मुलीकडे द्या. पण त्याआधी एक करा, काकांना सभेपूर्वी भेटा आणि त्यांचं म्हणणं लिहून घ्या. अगदी त्यांच्यासमोर, वहीत. माझा अनुभव असा की दर सभेत लांबलचक बोलणाऱ्या माणसाचा एक तरी मुद्दा खरा असतो, आणि तो कधीच कुणी इतिवृत्तात घेतलेला नसतो, म्हणून तो दर वर्षी पहिल्यापासून सुरू होतो. मुद्दा खरा निघाला तर तो टिपणात त्यांच्या नावाने घाला. नाही पटला तर सभेत तो मतदानाला टाका. पडला तर पडल्याचं नोंदवा.

‘सर्वानुमते’ या शब्दाचा मोह मात्र सोडा. आपल्याकडे हात मोजणं म्हणजे फूट पडली असं लोकांना वाटतं, म्हणून घाईघाईने एकमत जाहीर करतात आणि न पटलेली माणसं गप्प बसतात. ती गप्प बसलेली माणसंच नंतर वर्गणी द्यायचं टाळतात. २७ बाजूने, ६ विरोधात, ३ तटस्थ, असं लिहिलेला ठराव खोट्या सर्वानुमतेपेक्षा कितीतरी भक्कम. ज्यांना विरोध नावानिशी नोंदवायचा आहे त्यांचा नावानिशी नोंदवा. त्यांना तो हक्क आहे, आणि आपलं म्हणणं कागदावर आलं की माणूस बराच शांत होतो.

इतिवृत्त त्याच रात्री लिहा. आदर्श उपविधी समितीला मसुदा पक्का करायला तीन महिने देतात, तुम्ही तीन आठवडेही घेऊ नका. ठराव तर सभा उठायच्या आत रजिस्टरमध्ये उतरवून, वाचून दाखवून, अध्यक्षांची सही घेऊन मगच वड्यांचं ताट बाहेर आणा. हे शब्दशः घ्या : वडे ठरावानंतर. मसुदा सभासदांना पाठवला की दुरुस्त्या लेखी मागवा.

पुनर्विकासाचा विषय कधी निघाला तर मात्र यातलं बरंच अपुरं पडेल. त्यासाठी शासनाचा ४ जुलै २०१९ चा निर्णय आहे, त्यात सभेची पद्धत वेगळी आणि जास्त कडक आहे, चित्रीकरणसुद्धा करावं लागतं. तेव्हा वेगळं पत्र लिहा.

सध्या गच्चीचं बघू. दरपत्रकं आली की टिपण आणि दोन्ही ठरावांचे मसुदे मला पाठवा, नोटीस निघायच्या निदान आठ दिवस आधी. मी वाचून खुणा करून परत पाठवते.